स्प्रिंट आणि घाटचढाई (व्यावसायिक रस्ता सायकल शर्यत)

सपाट टप्प्याच्या (टप्पा म्हणजे मोठ्या शर्यतीतली एका दिवसाची शर्यत) अखेरीस अंतिम रेषेसाठी होणारी वेगाची झुंज म्हणजे स्प्रिंट. लांब चढावर ताकद आणि वजन यांच्या हिशेबाने ठरणारी झुंज म्हणजे घाटचढाई. टूर द फ्रान्स (सुरुवात १९०३), इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा या तीन आठवड्यांच्या शर्यतींत दोन्ही असतात, आणि शौकिनांचे वादही बहुतेक याच दोहोंवरून रंगतात. जुलैत टूरचा टप्पा आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास संपतो. गावाबाहेर पडताच यवतेश्वरचा घाट लागणाऱ्या साताऱ्यात कौल घाटवीराकडे झुकणे साहजिक आहे. त्या वादात स्प्रिंटरच्या पदरात मात्र त्याच्या कष्टांपेक्षा फार कमी पडते.

सपाटीवर मुख्य अडथळा हवेचा. ताशी ४० किलोमीटरच्या पुढे सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. पुढच्याच्या चाकामागे राहिले की त्यातला साधारण तिसरा हिस्सा वाचतो. म्हणून स्प्रिंट ही दिसते एकट्याची, पण असते अख्ख्या संघाची. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये साथीदार एकामागोमाग रांग धरतात. याला लीडआउट म्हणतात. प्रत्येक जण पुढे येऊन जीव तोडून ओढतो आणि बाजूला होतो. अखेरचा साथीदार हटतो तेव्हा रेषा जेमतेम २०० मीटरवर असते, वेग ताशी ६५ ते ७० किलोमीटर, आणि उरलेल्या दहा-पंधरा सेकंदांत स्प्रिंटर हजार वॅटच्या बराच वर जातो. २०१७ च्या टूरमध्ये मार्सेल किटेलने एडवल्ड बोआसन हागेनला असे अवघ्या ६ मिलिमीटरने हरवले. स्प्रिंट पाहताना जिंकणाऱ्यावरच डोळे लावू नयेत. दोन किलोमीटर उरले असताना कोण कोणाच्या चाकाला आहे, हे हेलिकॉप्टरच्या दृश्यात दिसते, आणि निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

घाटात वेग उतरतो, हवेचा अडथळा कमी होतो आणि मागे राहून वाचणारी ताकदही घटते. आता लढाई गुरुत्वाकर्षणाशी. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट हिशेबाला घेऊ. अंतर सुमारे १२ किलोमीटर, उंची पावणेसहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी चढ जवळपास पाच टक्के. दोन सायकलस्वार सारखीच ३५० वॅट ताकद लावत आहेत, पण एक ६० किलोचा आणि दुसरा ७५ किलोचा आहे असे धरले, तर पाचगणीत जड गडी साडेतीन मिनिटे उशिरा पोहोचेल. सपाटीवर याच दोघांत फारसे अंतर पडणार नाही. आल्प्समधला आल्प द्युएझ लांबीला पसरणीपेक्षा थोडासाच जास्त, १३.८ किलोमीटर. पण त्याचा सरासरी चढ आठ टक्क्यांहून अधिक आहे, वळणे २१ आहेत, आणि तो लागतो तो पाय आधीच दोन-तीन घाटांनी थकल्यावर. पसरणी ज्याने सायकलवर मारला आहे त्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. टूरमधल्या चढांना चौथ्यापासून पहिल्यापर्यंत श्रेणी असतात, आणि सर्वांत अवघड चढ श्रेणीबाहेरचे मानले जातात.

घाटवीराचे कौतुक करताना सुटते ती गोष्ट म्हणजे वेळमर्यादा. प्रत्येक टप्प्यात विजेत्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांत शेवट गाठावाच लागतो. नाही गाठला तर शर्यतीतून बाद. त्यामुळे ७५-८० किलोचा स्प्रिंटरही तेच सगळे डोंगर चढतो. मागे पडलेले सायकलस्वार गट करून एकमेकांना सांभाळत, मिनिटांचा हिशेब ठेवत वर येतात. या गटाला ग्रुपेत्तो म्हणतात. २०१८ च्या टूरमध्ये आल्प्समधल्या ला रोझिएरच्या टप्प्यात मार्क कॅव्हेंडिश आणि किटेल दोघेही वेळेबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी, आल्प द्युएझच्या टप्प्यावर, आंद्रे ग्राइपेल, फर्नांडो गाविरिया आणि डायलन ग्रोनेवेगन यांनी शर्यत सोडली. दोन दिवसांत पाच नामवंत स्प्रिंटर गेले. त्यांच्यासाठी खरी परीक्षा डोंगरातच होती, फक्त कॅमेरा त्या वेळी दहा किलोमीटर पुढे होता.

कॅव्हेंडिशने ३ जुलै २०२४ रोजी टूरमधला ३५ वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा ३४ चा विक्रम मोडला. मर्क्स डोंगरातही जिंके, घड्याळाविरुद्धच्या एकेकट्याच्या टप्प्यांतही जिंके आणि त्याने टूर पाच वेळा जिंकली. तेव्हा हे दोन आकडे एका तागडीत घालता येतात का, हा वाद अजून चालूच आहे. ते घालू नयेत, आणि तसे न केल्याने कॅव्हेंडिशचे मोल रतीभरही कमी होत नाही.

टूरमध्ये टप्प्यांच्या शेवटी आणि वाटेतल्या स्प्रिंटना मिळणाऱ्या गुणांत अव्वल ठरणाऱ्याला हिरवी जर्सी १९५३ पासून दिली जाते, तर चढांच्या माथ्यावरच्या गुणांत अव्वल असलेल्या डोंगराच्या राजाची लाल ठिपक्यांची जर्सी १९७५ पासून. रिचर्ड विरेंक डोंगराचा राजा सात वेळा ठरला, पीटर सागानने हिरवी जर्सी सात वेळा मिळवली. अलीकडे ठिपक्यांची जर्सी अनेकदा एकूण विजेत्याच्याच (सर्व टप्पे मिळून सर्वांत कमी वेळ घेणाऱ्याच्या) अंगावर जाते: पोगाचार २०२०, २०२१ आणि २०२५ मध्ये, विंगेगार्ड २०२२ मध्ये. शिखरावरच्या शेवटाला गुण भरपूर, म्हणून असे होते. दिवसभर एकट्याने पुढे पळून घाटामागून घाट गोळा करणाऱ्याची संधी त्यात हुकते.

महाराष्ट्रात ही विभागणी नवी नाही. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ किताब मिळतो, आणि पुण्यातला शेवट दुसऱ्याच कोणाचा असू शकतो.

सध्याचा ताजा वाद पॅरिसचा. १९७५ पासून टूरचा पॅरिसमधल्या शाँझेलिझे या रस्त्यावरचा अखेरचा टप्पा बहुतेक वेळा स्प्रिंटरांच्या वाट्याला येई. २०२५ मध्ये त्यात पॅरिसमधल्याच मोंमार्त्र टेकडीची दगडी चढण तीनदा घातली गेली, आणि वाऊट व्हान आर्टने शेवटच्या फेरीत पोगाचारला मागे टाकून एकट्याने बाजी मारली. टप्पा थरारक झाला यात शंका नाही. पण तीन आठवडे वेळमर्यादेशी झगडत ज्यांनी पॅरिस गाठले, त्यांच्या हक्काचा एकमेव दिवस त्यासाठी खर्ची पडला. मोंमार्त्र हवेच असेल तर ते दुसऱ्या एखाद्या दिवशी ठेवावे.