'व्हिडिओ' आणि 'विट' संस्कृतातून आले का?

इंग्रजीतले 'व्हिडिओ', 'विट', 'विटनेस' हे शब्द संस्कृत 'विद्' (जाणणे) या धातूपासून निघाले, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय. साम्य खरंच आहे, त्यामुळे ते पटकन पटतंही. पण हे नातं मायलेकींचं नाही, बहिणींचं आहे.

'व्हिडिओ' मूळचा लॅटिन, अर्थ 'मी पाहतो'. 'विट' मात्र जुन्या इंग्रजीतल्या 'वितान' म्हणजे 'जाणणे' या क्रियापदाच्या कुळातला. आणि खरी गंमत पुढे आहे. जुन्या इंग्रजीत 'वात', ग्रीकमध्ये 'ओइदा', संस्कृतात 'वेद': तिन्हींचा अर्थ 'मला माहीत आहे', आणि तिन्ही रूपं 'मी पाहिलंय' या जुन्या अर्थावरून आलेली. पाहिलं म्हणजे कळलं!

मग संस्कृतच मूळ का नाही? कारण संस्कृत, लॅटिन, ग्रीक, इंग्रजी या बहिणींची आई असलेल्या मूळ भाषेतले ऱ्हस्व ए आणि ओ संस्कृतात 'अ'मध्ये मिसळून गेले. आपल्याकडे 'अस्ति', लॅटिनमध्ये अजून 'एस्त'. लॅटिन संस्कृतातून निघाली असती, तर हरवलेला स्वर नेमका त्याच जागी परत आला कसा?

घरबसल्या पडताळायचं तर द-ट ची जोडी शोधा: द्वौ–टू, दश–टेन, दन्त–टूथ, विद्–विट. आपल्याकडून अलीकडे उसने गेलेले शब्द असे बदलत नाहीत. जुन्या शब्दांत द चा ट होतो तसाच ग चा क होतो; पण 'जंगल'चं इंग्रजीत 'जंकल' झालेलं नाही.