निषिद्ध नगरीतील स्कॉटिश गुरुजी : पार्श्वभूमी

रेजिनाल्ड जॉन्स्टन मार्च १९१९ मध्ये पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) राजवाड्यात, म्हणजेच निषिद्ध नगरीत, इंग्रजीचे शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा चीनमध्ये राजेशाही संपून सात वर्षे उलटली होती. तरीही राजवाडा होता, सम्राट होता, खोजे होते आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ताही जसाच्या तसा चालू होता. हा विचित्र प्रकार समजून घेण्यासाठी १२ फेब्रुवारी १९१२ च्या राजत्यागाच्या कराराकडे जावे लागते. त्या दिवशी छिंग या मांचू वंशाच्या राजघराण्याने सत्ता सोडली, पण प्रजासत्ताकाने सहा वर्षांच्या पू यीची सम्राट ही पदवी कायम ठेवली. परदेशी राजाला मिळावा तसा मान, वर्षाला ४० लाख ताएलांचा (ताएल हे चांदीचे चिनी वजनी चलन) तनखा आणि तूर्त निषिद्ध नगरीतच राहण्याची मुभा त्याला मिळाली. पुढे त्याने शहराबाहेरच्या उन्हाळी राजवाड्यात जावे, असेही ठरले होते. ते ‘पुढे’ कधी आलेच नाही आणि तनखाही कबूल केल्याप्रमाणे मिळाला नाही. राजवाड्याच्या दर्शनी भागातील मोठी दालने प्रजासत्ताकाच्या ताब्यात गेली आणि सम्राटाचे राज्य मागच्या अंगणांपुरते उरले.

अशा दरबाराला इंग्रज शिक्षक का हवा होता, याचे उत्तर राजकारणात आहे. जुलै १९१७ मध्ये चांग श्यून या सेनापतीने पू यीला पुन्हा सिंहासनावर बसवले आणि बारा दिवसांत तो डाव उधळला गेला. त्यानंतर तनखा आणि पदवी दोन्हींवर टांगती तलवार राहिली. प्रजासत्ताकाचे तेव्हाचे अध्यक्ष श्यू श-चांग हे स्वतः जुने दरबारी होते. मुलाला आधुनिक शिक्षण मिळावे आणि प्रसंग पडलाच तर ब्रिटिश वकिलातीशी धागा जुळलेला असावा, असे त्यांना आणि काही राजनिष्ठांना वाटत होते. जॉन्स्टन यांचे नाव सुचवले ते छिंग काळातील बडे मुत्सद्दी ली हुंग-चांग यांच्या मुलाने. आपल्याकडे बडोद्याच्या सयाजीरावांसाठी इलियट आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांसाठी फ्रेझर यांना नेमले गेले, ते उद्या प्रत्यक्ष राज्य करणारा राजा इंग्रजी वळणात घडावा म्हणून. येथे मात्र शिक्षक दरबारानेच मागवला होता आणि शिष्याला राज्यच नव्हते.

जॉन्स्टन यांचा जन्म १८७४ मध्ये एडिंबरो येथे झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून ते १८९८ मध्ये हाँगकाँगच्या वसाहती सेवेत दाखल झाले आणि पुढे शांतुंग किनाऱ्यावरील वे-हाय-वे या ब्रिटनने भाडेपट्ट्याने घेतलेल्या मुलखात न्यायाधीश व प्रशासक म्हणून त्यांनी बरीच वर्षे काढली. खेड्यांतील शेतबांधाचे आणि वारसाचे तंटे चिनी भाषेत ऐकून निकाली काढणारा हा अधिकारी कन्फ्यूशियसचे ग्रंथ आणि बौद्ध मठ यांत रमणारा होता. ख्रिस्ती मिशनऱ्यांविषयीची नाराजी त्यांनी कधी लपवली नाही. त्यांचा जुन्या चीनवर इतका जीव होता, की प्रजासत्ताकाच्या काळात ते कित्येक चिनी सरदारांपेक्षाही कट्टर राजनिष्ठ ठरले. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या वागणुकीचे मूळ येथेच आहे.

वर्ग यू-छिंग महालात भरत असे. छन बाओछन यांच्यासारखे वृद्ध चिनी पंडित अभिजात ग्रंथ शिकवीत. जॉन्स्टन यांच्याकडे इंग्रजी होते, आणि त्या निमित्ताने बाहेरच्या जगाची ओळखही. त्यांना साष्टांग दंडवताची सक्ती नव्हती. वाकून नमस्कार पुरेसा होता. पुढे त्यांना मानाची वस्त्रे, सर्वोच्च दर्जाच्या मानकऱ्याचा हुद्दा आणि राजवाड्याच्या आवारात पालखीतून येण्याचा मान मिळाला, आणि हे सारे ते मनापासून मिरवीत. पू यीने उतारवयात लिहिलेल्या आठवणींत एक प्रसंग आहे. गुरुजींनी विलायती गोळ्यांचा डबा आणला आणि गोळ्यांचा स्वाद रसायनशास्त्रातून येतो व आकार यंत्रातून, असे समजावून सांगितले. मुलाने दोन गोळ्या उचलल्या आणि धावत जाऊन सरूच्या झाडावरील मुंग्यांपुढे ठेवल्या, म्हणजे रसायन आणि यंत्राची चव त्यांनाही कळावी. गुरुजी वर्गात वाट पाहत आहेत, हे त्याला मागाहून आठवले.

इंग्रजीची प्रगती बेताचीच राहिली. जॉन्स्टन यांची खरी झुंज झाली ती राजवाड्याच्या खासगी खात्याशी. खरेदी, दुरुस्त्या, पगार, भेटी असा सगळा पैसा या खात्याच्या हातून जाई आणि प्रत्येक टप्प्यावर तो झिरपत असे. तनखा अपुरा पडू लागला, तेव्हा सोन्याच्या आणि जेडच्या वस्तू गहाण पडू लागल्या किंवा विकल्या जाऊ लागल्या. सम्राट गोंधळलेला आणि आत कोंडलेला राहण्यातच या मंडळींचा फायदा होता, असे जॉन्स्टन यांचे ठाम मत होते.

चष्म्याचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. समोरच्या मेजावर लहान घड्याळ असताना मुलगा वळून मागचे मोठे घड्याळ बघतो, हे शिक्षकांच्या लक्षात आले. नेत्रतज्ज्ञाला बोलवावे म्हणताच दरबारात गहजब झाला, कारण सम्राटाचे डोळे परक्याने तपासणे आणि सम्राटाने चष्मा लावणे दोन्ही रीतीबाहेरचे होते. जॉन्स्टन यांनी राजीनाम्याची धमकी दिली, तेव्हा कुठे १९२१ च्या अखेरीस पेकिंगमधील वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. हॉवर्ड यांनी तपासणी केली. नजर फारच अधू निघाली. पू यीच्या पुढच्या बहुतेक छायाचित्रांत दिसणारा गोल चष्मा तो हाच. त्याच सुमारास राजवाड्यात टेलिफोन आला, सायकलच्या वाटेत येणारे उंबरठे कापले गेले आणि पू यीने आपली मांचू वेणीही उतरवली.

जून १९२३ मध्ये जिएन-फू महालाच्या परिसराला आग लागली आणि तिथे साठवलेला अमोल संग्रह भस्मसात झाला. संग्रहाची मोजदाद होणार म्हणून चोरी झाकण्यासाठी खोज्यांनीच आग लावली, असा संशय होता. तो सिद्ध झाला नाही. पुढच्याच महिन्यात पू यीने मोजके वगळता सर्व खोजांना बाहेर काढले. जळालेल्या जागी टेनिसचे मैदान झाले. मात्र या चोरीच्या कथेला दुसरी बाजू आहे: सम्राट स्वतःही भाऊ पू-चिए याला ‘बक्षीस’ म्हणून चित्रे आणि हस्तलिखिते देऊन ती बाहेर पाठवीत होता, कारण त्याला पळून जायचे होते. एप्रिल १९२४ मध्ये रवींद्रनाथ टागोर आपल्या सहकाऱ्यांसह राजवाड्यात आले. त्या भेटीमागेही जॉन्स्टन यांचाच पुढाकार होता. त्याच वर्षी उन्हाळी राजवाड्याचा कारभार त्यांच्याकडे सोपवण्यात आला. १९१२ मध्ये ठरलेले स्थलांतर आता तरी व्हावे, असा त्यांचा प्रयत्न होता.

पण वेळ निघून गेली होती. ऑक्टोबरमध्ये सेनापती फंग यूशियांग यांनी पेकिंग ताब्यात घेतले आणि ५ नोव्हेंबर १९२४ रोजी त्यांच्या सैनिकांनी पू यीला काही तासांच्या मुदतीत राजवाड्याबाहेर काढले. तो वडिलांच्या वाड्यात गेला. २९ नोव्हेंबरला जॉन्स्टन आणि छन बाओछन यांनी त्याला परदेशी वकिलातींच्या भागात नेले आणि अखेर जपानी वकिलातीने आसरा दिला. ब्रिटिश वकिलातीला ही जोखीम नको होती. या निर्णयात जॉन्स्टन यांचा हेतू शिष्याचा जीव वाचवण्याचा होता, यावर शंका घेण्याचे कारण नाही. पण पू यी जपानच्या छत्राखाली गेला तो त्या दिवसापासून, आणि १९३२ मध्ये तो ईशान्य चीनमधील मांचुकुओ या जपाननिर्मित राज्याचा प्रमुख झाला.

जॉन्स्टन १९२७ ते १९३० या काळात वे-हाय-वेचे शेवटचे ब्रिटिश आयुक्त होते. तो मुलूख चीनला परत देऊन ते लंडन विद्यापीठात चिनीचे प्राध्यापक झाले. १९३४ मध्ये त्यांनी राजवाड्यातील वर्षांवर पुस्तक लिहिले. पू यीची प्रस्तावना असलेल्या त्या पुस्तकात जपानकडे सम्राट आपखुशीने गेला, असा त्यांचा रोख होता. १९३८ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांचे निधन झाले. जपानी युद्धगुन्हेगारांवरील टोकियो खटल्यात १९४६ मध्ये पू यीने साक्ष देताना आपल्यावर जबरदस्ती झाल्याचे सांगितले, तेव्हा जपानी बचाव पक्षाने जॉन्स्टन यांचे हेच पुस्तक पुरावा म्हणून पुढे केले आणि न्यायाधिकरणाने ते नाकारले. भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत या नकाराची दखल घेतली आहे. त्या साक्षीत आपण स्वतःला वाचवण्यासाठी सत्य दडवले होते, हे पू यीने पुढे १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत मान्य केले.