जाती जास्त म्हणजे विविधता जास्त?

‘ज्या जंगलात जाती जास्त, ते जास्त वैविध्यपूर्ण’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे.

दोन जंगलं घ्या. दोन्हीकडे १०० झाडं, १० जाती. पहिल्यात प्रत्येक जातीची १० झाडं. दुसऱ्यात एकाच जातीची ९१ आणि उरलेल्या नऊ जातींचं एकेकच झाड. जातींची संख्या दोन्हीकडे सारखीच. आता डोळे मिटून कुठलीही दोन झाडं निवडा. ती एकाच जातीची निघण्याची शक्यता पहिल्या जंगलात जेमतेम ९ टक्के, दुसऱ्यात तब्बल ८३! ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसन यांनी १९४९ साली मांडलेला निर्देशांक नेमकं हेच मोजतो. म्हणजे जाती किती, याबरोबर कोणाचं प्रमाण किती, हेही पाहावंच लागतं.

म्हणून ती एकेकटी झाडं बिनमहत्त्वाची ठरतात असं मुळीच नाही. जवळपास प्रत्येक जीवसमुदायात, म्हणजे एका ठिकाणी एकत्र राहणाऱ्या जीवांच्या समूहात, मोजक्या जाती मुबलक आणि बऱ्याचशा दुर्मीळच असतात. त्यामुळे पाहणी वाढवाल तशा नव्या जाती सापडत जातात. एकीकडे तासभर आणि दुसरीकडे महिनाभर फिरून केलेल्या याद्यांची थेट तुलना करणं तर साफ चूक आहे.