लकुच आणि त्वचेचे रंगद्रव्य

लकुच (आर्टोकार्पस लकुचा, हिंदीत बडहर) हा फणसाच्या प्रजातीतला मोठा वृक्ष भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियापर्यंतच्या रानांत वाढतो. फळे वेडीवाकडी, पिवळी, आंबटगोड असतात. गोव्यात त्यांच्या सुकवलेल्या फोडी ‘ओटांब’ म्हणून हुमणात (माशांच्या आमटीत) आंबटपणासाठी घालतात. त्वचेवरचा रंग कमी करणारे संयुग मात्र मुख्यतः फळात नसून खोडाच्या गाभ्यात असते. त्यामुळे फळे खाऊन डाग उजळतील असे मानण्यास आधार नाही.

थायलंडमध्ये या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळतात आणि वर येणारा फेस वाळवून ‘पुआक हाट’ नावाची भुकटी करतात. ती चपट्या कृमींवरचे जुने औषध आहे. तिचा मुख्य घटक ऑक्सिरेझ्वेराट्रॉल, म्हणजेच वर सांगितलेले रंग कमी करणारे संयुग. तो तुतीतही सापडतो. द्राक्षातल्या रेझ्वेराट्रॉलपेक्षा त्यात एक हायड्रॉक्सिल गट जास्त असतो.

त्वचेत टायरोसीन या अमिनो आम्लापासून डोपा, पुढे डोपाक्विनोन आणि अखेर मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होते. पहिल्या पायऱ्या टायरोसिनेज हे तांबेयुक्त विकर (एन्झाइम) घडवते. चिरलेले वांगे काळे पडते, तेही अशाच विकरामुळे. ऑक्सिरेझ्वेराट्रॉल या विकराचे काम अडवते, पण पेशीत हे विकर तयार होणे थांबवत नाही. म्हणून परिणाम कायमचा नसतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या थाई अभ्यासात महिला स्वयंसेवकांच्या दंडावर लकुचाचा अर्क, कोजिक आम्ल (त्वचा उजळवण्यासाठी वापरले जाणारे द्रव्य) आणि ज्येष्ठमधाचा अर्क लावून तुलना केली गेली. लकुचाचा परिणाम सर्वांत आधी, सुमारे 4 आठवड्यांत दिसला.

अशा संयुगांची पहिली चाचणी बहुधा अळंबीतल्या टायरोसिनेजवर होते. मानवी विकर त्याहून बरेच वेगळे असल्याने प्रयोगशाळेत प्रभावी ठरलेले पदार्थ त्वचेवर अनेकदा फिके पडतात. शिवाय मेलॅनिन अतिनील किरणांपासून पेशींचे रक्षण करते. सावळा वर्ण हा आजार नव्हे. या संशोधनाचा खरा उपयोग वांग (चेहऱ्यावरचे तपकिरी डाग) किंवा जखमेनंतर राहिलेल्या काळ्या डागांसाठी आहे.

‘वनस्पतिजन्य’ म्हणजे निर्धोक, हा समज घातक आहे. रोडोडेंड्रॉल हे मूळचे झाडांत आढळणारे संयुग घातलेली प्रसाधने 2013 मध्ये जपानच्या बाजारातून परत घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्या हजारो जणींच्या त्वचेवर पांढरे चट्टे उठले होते. ज्या टायरोसिनेजला रोखायचे, तेच या संयुगापासून रंगपेशींना मारक द्रव्ये बनवत होते.