ओळ, चरण आणि दंड : मराठी कविता लिहिण्याचे व उद्धृत करण्याचे संकेत

कवितेचा एक भाग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे कागदावर दाखवायला खुणा लागतात. इंग्रजी छापील कवितेत प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर मोठे काढण्याची जुनी रीत आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे तसे काही मराठीत करता येत नाही. इथे ते काम एकेरी दंड (।), दुहेरी दंड (॥) आणि त्यासोबतचा ओवीचा किंवा कडव्याचा आकडा करतो. विदर्भाच्या खेड्यांत या खुणा शाळेच्या पुस्तकाइतक्याच पोथी, पारायण आणि भजनाची वही यांतून ओळखीच्या झाल्या.

हस्तलिखित पोथीतली ओळ म्हणजे कागदाची रुंदी. ओवी ओळीच्या मध्येच संपते आणि पुढची तिथूनच सुरू होते. वाचणाऱ्याने दंड पाहून थांबायचे. तेराव्या शतकात महानुभाव कवयित्री महदंबेने अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात धवळे रचले, ते लग्नात गायची गाणी म्हणून. अशा रचनेची ओळ आधी गळ्यात ठरते, कागदावर ती नंतर येते.

अभंगात हे स्पष्ट दिसते. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण, म्हणजे चार तुकडे, असतात, पहिल्या तिघांत सहा-सहा आणि शेवटच्यात चार अक्षरे, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे. तुकोबांचा ‘सुंदर तें ध्यान उभें विटेवरी । कर कटावरी ठेवोनियां ॥’ घ्या. चरण चार आहेत, पण दंडांच्या खुणा दोनच. ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’ हे यमक पहिल्या दंडाच्या दोन्ही बाजूंना पडते. दंड गाळून जागा मिळेल तिथे ओळ मोडली की यमक ऐकू येते, दिसत मात्र नाही. नवख्या वाचकाला चालही सापडत नाही. म्हणून उतारा घेताना दंड हा शोभेचा भाग समजू नये. तो रचनेचाच भाग आहे.

आकड्याचे महत्त्व पारायणात कळते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय आहेत. तिचा दाखला पान सांगून दिला तर आवृत्ती बदलताच हरवतो. अध्याय आणि ओवीचा आकडा सांगितला तर कोणत्याही गावातल्या प्रतीत सापडतो.

भजनी मंडळांच्या वह्यांना स्वतःची शिस्त असते. माथ्यावर ‘चाल’ लिहून ओळखीच्या गाण्याचे पहिले शब्द देतात, मग ध्रुवपद आणि त्यापुढे ॥धृ॥. हिंदी भजन असेल तर ॥टेक॥. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद पूर्ण लिहीत नाहीत, पहिला शब्द आणि टिंबे पुरतात. तुकडोजी महाराजांच्या भजनात शेवटच्या कडव्यात ‘तुकड्यादास’ अशी नाममुद्रा, म्हणजे कवीचे नाव, येते. उद्धृत करताना तिला कवीची सही समजून वेगळ्या ओळीत टाकू नये, कारण ती चरणाची अक्षरे भरते.

जात्यावरची ओवी आणि भुलाबाईच्या सणातली गाणी लिहून घेताना खरी कसोटी लागते. गाणारी बाई ‘गं’, ‘बाई’ असे शब्द मध्ये घालते, अर्धी ओळ पुन्हा म्हणते. ते भरतीचे म्हणून गाळणाऱ्याच्या हाती शब्द राहतात, लय जाते. बोली सुधारण्याचा मोह तर त्याहून घातक. ‘मले’चे यमक ‘भले’शी जुळवलेले असेल आणि कोणी तिथे ‘मला’ केले, तर ओळीचा शेवटच मोडतो. वऱ्हाडी असो की झाडीबोली, ऐकले तसेच लिहावे.

मुक्तछंदात दंडही जातो आणि यमकही. ओळ कुठे तोडली एवढीच खूण उरते. या छंदाचे मराठीतले प्रवर्तक कवी अनिल मूर्तिजापूरचे. दहा ओळींची ‘दशपदी’ ही रचनाही त्यांचीच, आणि तिथे ओळ मोजूनच येते. अमरावतीच्या सुरेश भटांनी मराठीत रुजवलेल्या गझलेत दोन ओळींचा शेर स्वतंत्र असतो, म्हणून दोन शेरांमध्ये जागा सोडतात. उद्धृत करताना शेराच्या दोन्ही ओळी घ्याव्यात. एकटी ओळ बहुधा अर्धेच बोलते.

गद्यात एक-दोन ओळी घ्यायच्या तर त्या अवतरणचिन्हांत सलग लिहून मुक्तछंदाच्या ओळी तिरप्या रेघेने वेगळ्या दाखवतात. जास्त ओळी असतील तर समास सोडून मूळ मांडणी ठेवतात. गाळलेल्या जागी टिंबे देतात. शुद्धलेखनाबद्दल मराठी साहित्य महामंडळाचे नियम स्पष्ट आहेत : केशवसुतांपूर्वीचे पद्य मूळानुसार छापावे. त्यामुळे ‘तें’ आणि ‘ठेवोनियां’वरचे अनुस्वार काढू नयेत. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घ बदलण्याची मोकळीक कवीला याच नियमावलीत आहे. ती उतारा घेणाऱ्याला नाही.

मोबाइलवर दंडाऐवजी इंग्रजीतली उभी रेघ किंवा एल हे अक्षर पडते, आणि अरुंद पडद्यावर ओळ कुठेही दुमडते. देवनागरी कळफलकात दंड असतो, तोच वापरावा. प्रत्येक दंडानंतर नवी ओळ घेतली तर दुमडण्याचा त्रासही कमी होतो. मौखिक गाणे असेल तर खाली गाव, तालुका आणि प्रसंग लिहावा, आणि गाणारीचे नाव तिला विचारून.