नकाशा : प्रकार आणि पृथ्वीचे चित्रण

पृथ्वीच्या पृष्ठभागाचे किंवा त्याच्या एखाद्या भागाचे ठरावीक प्रमाणात, चिन्हांच्या आधारे सपाट पृष्ठावर केलेले रेखाटन म्हणजे नकाशा. प्रत्येक नकाशा काही राखतो आणि काही सोडून देतो; काय सोडले आहे हे समजले की नकाशाचा प्रकार ओळखता येतो. या नोंदीतील बहुतेक उदाहरणे मुंबईची आहेत.

गोल पृष्ठ न ताणता, न फाडता सपाट होत नाही, हे कार्ल फ्रीडरिख गाउस याने 1827 मध्ये गणिताने सिद्ध केले. म्हणून आकार, क्षेत्रफळ, अंतर आणि दिशा या साऱ्या गोष्टी अचूक दाखवणारा सपाट नकाशा असू शकत नाही. सर्व बाबतीत खरा फक्त पृथ्वीगोल. गोल पृष्ठ सपाट कागदावर उतरवण्याच्या रीतीला प्रक्षेपण म्हणतात. गेरार्ड मर्केटरच्या 1569 च्या दंडगोल प्रक्षेपणाने दिशा राखली. त्यावर आखलेल्या सरळ रेषेने होकायंत्राचा एकच कोन धरून जहाज हाकता येते, त्यामुळे खलाशांचे भागले. किंमत मोजली क्षेत्रफळाने. भारत सुमारे 33 लाख चौ. किमी, ग्रीनलंड त्याहून लहान, सुमारे 22 लाख. पण भिंतीवरच्या अशा नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेशी बरोबरी करते. मोबाइलवरचे नकाशेही बहुधा याच प्रक्षेपणाच्या सुधारित रूपात असतात. मुंबई 19° उत्तर अक्षवृत्ताजवळ असल्याने इथे लांबी जेमतेम 6 टक्के ताणली जाते. 60° अक्षवृत्तावर ती दुप्पट होते.

स्थलनिर्देशक नकाशे 1767 मध्ये स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो. 1:50,000 प्रमाणात कागदावरचा 1 सेंमी म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर. तपकिरी समोच्च रेषा उंची सांगतात, निळा रंग पाणी, हिरवा वनस्पती. प्रत्येक पत्रक 15 मिनिटे अक्षांश आणि 15 मिनिटे रेखांश व्यापते, आणि शहराची सोय पाहून ते कापलेले नसते. 19° ची रेषा लोअर परळ आणि प्रभादेवी स्थानकांच्या मधून जाते. परिणामी जुन्या क्रमांकांनुसार कुलाबा 47 बी/13 मध्ये, तर दादर 47 ए/16 मध्ये. मुंबईचा एकसंध स्थलनिर्देशक नकाशा हवा असेल तर पत्रके शेजारीशेजारी लावावी लागतात.

लोकलच्या डब्यातला मार्गदर्शक नकाशा दुसऱ्या टोकाचा. त्यात अंतर नाही, दिशाही जवळपास नाही. स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलायची ठिकाणे तेवढी खरी. प्रवाशाला तेवढेच पुरते.

वितरणाच्या नकाशांत क्षेत्रघनी पद्धत, म्हणजे प्रत्येक विभागाला त्याच्या आकड्यानुसार एकच रंग देण्याची रीत, सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत फसवी. महापालिकेच्या वॉर्डांची लोकसंख्येची घनता रंगाने दाखवली की मुलुंडचा टी वॉर्ड फिका दिसतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग त्याच्या क्षेत्रफळात मोजला जातो. इमारतींतली दाटी त्या जंगलावर पसरवून रंग भरलेला असतो. टिंब पद्धतीत माणसे जिथे राहतात तिथेच टिंबे पडतात.

किनारा हा मात्र खरा कसोटीचा विषय, कारण मुंबईत समुद्राची कड दिवसातून दोनदा पुढेमागे होते. स्थलनिर्देशक नकाशातील उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतात. नौकानयनाच्या नकाशात खोली मोजतात ती ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून, कारण पाणी किमान किती असेल यावर जहाजाचा तळ सुरक्षित राहतो. मुंबईत या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. पावसाळ्यात ‘आज 4.8 मीटरची भरती’ अशी सूचना येते, तो आकडा खालच्या शून्यापासूनचा. सरासरी पातळीपेक्षा पाणी साधारण 2.3 मीटर वर येते. स्थलनिर्देशक नकाशात 3 मीटर उंची लिहिलेला रस्ता म्हणून 4.8 मीटरच्या भरतीखाली बुडेलच असे नाही. तरी जोरदार पावसात सखल भाग तुंबतो, कारण पर्जन्यजलवाहिन्यांची बहुतेक मुखे भरतीच्या पातळीखाली आहेत आणि त्या वेळी पाणी बाहेर पडत नाही. हाजी अलीची वाट भरतीत पाण्याखाली आणि ओहोटीत उघडी. अशी मधली जागा नौकानयनाचा नकाशा वेगळ्या हिरव्या रंगाने दाखवतो.

तिसरी कड कायद्याची. किनारपट्टी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) पहिली अधिसूचना 1991 ची. त्यात भरतीरेषा आखून तिच्यापासून अंतरे मोजतात. बांधकामाच्या परवानगीसाठी लागणारा स्थानिक नकाशा 1:4,000 प्रमाणाचा असतो, म्हणजे 1 सेंमीला 40 मीटर. पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ तिथे जमिनीवरचे 2 मीटर व्यापते. 1:50,000 च्या पत्रकात तीच रेघ 25 मीटर. म्हणून कोळीवाड्यातील घर रेषेच्या आत की बाहेर, हा प्रश्न लहान प्रमाणाच्या नकाशावर सोडवता येत नाही. भूखंडाच्या हद्दी दाखवणारे नगर भूमापनाचे नकाशेच त्यासाठी काढावे लागतात.