एका इंचाचा वाद

डिसेंबर 2021 मध्ये युक्रेनच्या सीमेवर रशियन फौजा गोळा होत असताना मॉस्कोने दोन करारांचे मसुदे जाहीर केले, एक अमेरिकेसाठी आणि एक नाटोसाठी, म्हणजे अमेरिका आणि तिच्या युरोपीय मित्रदेशांच्या लष्करी आघाडीसाठी. नाटोने यापुढे विस्तार थांबवावा आणि युरोपातली सैन्यरचना 27 मे 1997 च्या, म्हणजे पूर्व युरोपातले देश नाटोत येण्याआधीच्या, स्थितीवर न्यावी, हा त्यातला मथितार्थ. या मागण्यांच्या मुळाशी असलेली तक्रार जुनीच होती: नाटो पूर्वेकडे एक इंचही सरकणार नाही असा शब्द 1990 मध्ये पश्चिमेने दिला आणि मोडला. नाटोच्या संकेतस्थळावर हीच तक्रार रशियाने पसरवलेल्या ‘मिथकां’च्या यादीत होती. रशियन अपप्रचाराचा माग काढणाऱ्या युरोपीय संघाच्या पथकानेही तिची नोंद खोट्या माहितीत केली होती. दोन महिन्यांनी युद्ध पेटलं तेव्हा नाटोच्या विस्ताराचे रंगीत नकाशे आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरही फिरले. युक्रेनमध्ये अडकलेल्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या काळजीचे संदेश आणि ‘मुळात चूक कोणाची’ हा वाद, दोन्ही एकाच वेळी चालू होते.

पश्चिमी लष्करी आघाडीविरुद्ध खोटी कागदपत्रं तयार करण्याचा धंदा शीतयुद्धाइतकाच जुना. अमेरिकी लष्कराची म्हणून दाखवलेली एक बनावट ‘गुप्त पुस्तिका’ 1970 च्या दशकात आधी तुर्कस्तानात उगवली आणि मग पश्चिम युरोपात फिरली. मित्रदेशांत डावे सरकारात येऊ नयेत म्हणून अमेरिका अतिरेकी गटांचा वापर करते, असं तीत सुचवलं होतं. एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत जन्मला, ही कंडी तर जुलै 1983 मध्ये दिल्लीच्या एका दैनिकात छापलेल्या निनावी पत्रापासून सुरू झाली. दोन वर्षांनी सोव्हिएत वृत्तपत्रांनी त्याच पत्राचा दाखला देऊन ती जगभर नेली. याच सुमारास मध्यम पल्ल्याच्या अमेरिकी अण्वस्त्रांविरुद्ध पश्चिम जर्मनीत लाखो लोक रस्त्यावर आले. त्या आंदोलनात मॉस्कोचे हितसंबंध आणि काही ठिकाणी पैसाही होता. पण आपल्या अंगणात अणुयुद्ध होईल ही सामान्य जर्मन माणसाची भीती मॉस्कोने पेरलेली नव्हती. सरकारं मात्र दोन्ही गोष्टींना एकच नाव देऊन मोकळी झाली. ही सवय पुढेही सुटली नाही.

नोव्हेंबर 1989 मध्ये बर्लिनची भिंत पडली तेव्हा पूर्व जर्मनीत तीन लाखांहून जास्त सोव्हिएत सैनिक होते. दुसऱ्या महायुद्धातले विजेते म्हणून सोव्हिएत संघाचे जर्मनीवर कायदेशीर हक्कही शाबूत होते. म्हणजे मॉस्कोच्या होकाराशिवाय पूर्व आणि पश्चिम जर्मनीचं एकीकरण अशक्य. तो होकार कसा मिळवायचा, यावर पश्चिम जर्मनीच्या राजधानीत बॉनमध्ये आणि वॉशिंग्टनमध्ये खल चालू असताना 31 जानेवारी 1990 रोजी पश्चिम जर्मनीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी बव्हेरियातल्या तुत्सिंग इथे एक भाषण केलं. नाटोचा प्रदेश पूर्वेकडे, म्हणजे सोव्हिएत सीमेच्या दिशेने वाढणार नाही, असं नाटोने जाहीर करून टाकावं, ही त्यांची सूचना. आठवडाभरात ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांशी बोलताना त्यांनी ती आणखी उलगडली: पोलंडचं सरकार एक दिवस वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत संघाच्या लष्करी आघाडीतून, बाहेर पडलं, तर दुसऱ्या दिवशी ते नाटोत जाणार नाही याची रशियनांना खात्री हवी. तेव्हा पोलंड-हंगेरीचा विषय कुणाच्या डोक्यातही नव्हता, असं पाश्चात्त्य बाजूने आजही सर्रास सांगितलं जातं. ते या संभाषणापुढे टिकत नाही.

9 फेब्रुवारीला अमेरिकी परराष्ट्रमंत्री क्रेमलिनमध्ये सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्यापुढे बसले. वादातला ‘इंच’ इथला. मंत्र्यांनी तो प्रश्नाच्या रूपात मांडला. एकत्र झालेली जर्मनी नाटोबाहेर, स्वतंत्र, अमेरिकी सैन्याविना असलेली तुम्हाला आवडेल, की नाटोला बांधलेली, पण नाटोचं अधिकारक्षेत्र आजच्या जागेवरून पूर्वेकडे एक इंचही सरकणार नाही या हमीसह? नाटोचं क्षेत्र वाढणं आम्हाला मान्य होणार नाही, असं सोव्हिएत नेते म्हणाले. मंत्र्यांनी आपलंही तेच मत असल्याचं सांगितलं. दोन्हीकडच्या टिपणांत हे जवळजवळ सारखंच नोंदलेलं आहे. सही मात्र कशावरच झाली नाही.

पुढच्या चोवीस तासांत जे घडलं त्याकडे वाद घालणारे फारसे वळत नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे. मंत्री मॉस्कोत ‘इंच’ बोलत असताना वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागारांना त्यातला धोका दिसला होता. नाटोचं क्षेत्र सरकणारच नसेल तर अर्धी जर्मनी नाटोत आणि अर्धी बाहेर, असा प्रकार होणार. त्यांनी पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरांना राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं वेगळं पत्र धाडलं. त्यात इंच नव्हता; पूर्व जर्मनीच्या भूभागाला ‘विशेष लष्करी दर्जा’ द्यावा एवढंच होतं, म्हणजे अख्खी जर्मनी नाटोत. चॅन्सेलर 10 तारखेला मॉस्कोत पोचले तेव्हा एक पत्र राष्ट्राध्यक्षांचं आणि एक परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांच्यासाठी मागे ठेवलेलं, अशी दोन पत्रं त्यांच्या हाती होती. क्रेमलिनमध्ये त्यांनी बोलून दाखवली ती परराष्ट्रमंत्र्यांची भाषा, कारण काम तिनेच होणार होतं. आणि झालंही. एकत्र यायचं की नाही हे जर्मनांनीच ठरवावं, असं सोव्हिएत नेते म्हणाले आणि चॅन्सेलरांनी त्याच रात्री पत्रकार परिषद घेऊन ते जगाला सांगून टाकलं. दोन आठवड्यांनी कॅम्प डेव्हिडला अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी चॅन्सेलरांना बजावलं की जर्मनीच्या नाटोतल्या स्थानाबद्दल बोलण्याचा सोव्हिएतांना अधिकारच नाही. जिंकलो आपण, ते नाहीत. इंचाची भाषा तिथे संपली. ती मागे घेतल्याचं मॉस्कोला मात्र कुणी स्पष्ट शब्दांत कळवलं नाही.

सोव्हिएत नेत्यांनी ती हमी लेखी का मागितली नाही, हा प्रश्न रशियातच सर्वात जास्त चघळला गेला आहे. देशाची तिजोरी रिकामी होती, बाल्टिक प्रजासत्ताकं (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) फुटायला निघाली होती, आणि वॉर्सा करार अजून अस्तित्वात असताना त्याचे सभासद नाटोत जातील का, असं विचारणं म्हणजे आपल्याच आघाडीच्या मृत्यूची चर्चा करणं होतं. 31 मे रोजी वॉशिंग्टनमध्ये तर त्यांनी मान्य करून टाकलं की 1975 च्या हेलसिंकी जाहीरनाम्यानुसार कुठल्या आघाडीत जायचं हे ज्या त्या देशाने ठरवायचं. त्यांच्या स्वतःच्या सहकाऱ्यांना धक्का बसला. हेच तत्त्व पुढे पोलंडने आणि एस्टोनियाने वापरलं, आणि पाश्चात्त्य बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा हाच आहे. सप्टेंबरमध्ये जर्मनीने सैन्यमाघारीसाठी आणि परतणाऱ्या सैनिकांच्या घरांसाठी 12 अब्ज मार्क आणि वर 3 अब्जांचं बिनव्याजी कर्ज कबूल केलं. 12 सप्टेंबर 1990 रोजी मॉस्कोत जर्मन एकीकरणाच्या अंतिम करारावर सह्या झाल्या.

त्या कराराच्या पाचव्या कलमात परदेशी सैन्याचा उल्लेख आहे. सोव्हिएत सैन्य गेल्यावर पूर्व जर्मनीच्या भूभागात परदेशी सैन्य ठेवायचं नाही, तैनात करायचं नाही, अण्वस्त्रंही ठेवायची नाहीत. पोलंड, हंगेरी, बाल्टिक, युक्रेन यांच्याबद्दल अवाक्षर नाही. उलट आदल्या रात्री ब्रिटिशांनी हट्ट धरला की नाटोच्या सैन्याला जुनी सीमारेषा ओलांडून पूर्वेकडे सराव करता आला पाहिजे. करार मोडतो की काय अशी वेळ आली, जर्मन परराष्ट्रमंत्र्यांनी मध्यरात्रीनंतर अमेरिकी मंत्र्यांचं हॉटेल गाठलं, आणि तोडगा म्हणून कराराला एक टिपण जोडलं गेलं. ‘तैनात’ म्हणजे नेमकं काय, याचा निर्णय संबंधितांच्या सुरक्षाहिताचा विचार करून एकीकृत जर्मनीचं सरकार करील, असं त्यात लिहिलं. म्हणजे परदेशी सैन्य शीतयुद्धाच्या रेषेपलीकडे जाऊ शकतं हे तत्त्व सोव्हिएत सहीनिशी मान्य झालं. कायद्याच्या दृष्टीने रशियाची तक्रार इथेच संपते. राजकारणाच्या दृष्टीने ती संपत नाही, असं मला वाटतं. फेब्रुवारीतल्या तोंडी शब्दावर एकीकरणाची गाडी रुळावर आली हे टिपणांतून दिसतं. शिवाय मार्च 1991 मध्येही ब्रिटिश पंतप्रधान मॉस्कोत सोव्हिएत संरक्षणमंत्र्यांना सांगत होते की पूर्व युरोपातले देश नाटोत येण्याची परिस्थिती त्यांना दिसत नाही. बोलाचीच कढी असेल, पण ती बऱ्याच जणांनी, बऱ्याच महिन्यांत वाढली.

वर्षाअखेरीस सोव्हिएत संघच उरला नाही. ऑगस्ट 1993 मध्ये वॉर्सात रशियन राष्ट्राध्यक्षांनी पोलंडची नाटोत जायची इच्छा आपण समजू शकतो असं संयुक्त निवेदनात मान्य केलं, आणि मॉस्कोला परतून महिन्याभरात पाश्चात्त्य नेत्यांना उलट पत्र लिहिलं. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांना ‘शांततेसाठी भागीदारी’ ही योजना समजावली. सर्वांना भागीदारी, सदस्यत्व सध्या कुणालाच नाही, असा अर्थ घेऊन ते बेहद्द खूश झाले. सदस्यत्वाचा विचार पुढे होऊ शकतो हे त्याच भेटीत सांगितलं गेलं होतं, पण आनंदाच्या भरात मागे पडलं. तीनच महिन्यांनी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष प्रागमध्ये म्हणाले की प्रश्न आता ‘घ्यायचं का’ हा नसून ‘कधी’ हा आहे. डिसेंबर 1994 मध्ये बुडापेस्टला रशियन राष्ट्राध्यक्षांनी ‘थंड शांतते’चा इशारा दिला. त्याच बैठकीत युक्रेनने अण्वस्त्रं सोडण्याच्या बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांच्याकडून सीमांच्या आदराचा लेखी शब्द घेतला. मोडलेल्या शब्दांच्या चर्चेत हा कागद रशियन बाजू कधी काढत नाही.

27 मे 1997 च्या पॅरिस दस्तऐवजाने रशिया आणि नाटो यांचे संबंध कागदावर आणले, आणि तरीही मार्च 1999 मध्ये पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक आत आले. पंधरवडा उलटायच्या आत नाटोने युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू केली. 2004 मध्ये बाल्टिक देशांसह सात जण आले. फेब्रुवारी 2007 मध्ये म्युनिकमध्ये रशियन राष्ट्राध्यक्षांनी नाटोच्या महासचिवांचं मे 1990 मधलं भाषण वाचून दाखवलं आणि ‘त्या हमीचं काय झालं’ असं विचारलं. ते भाषण नाटोचं सैन्य जर्मनीच्या हद्दीबाहेर न ठेवण्याबद्दल होतं, सदस्यत्वाबद्दल नव्हे. एप्रिल 2008 मध्ये बुखारेस्टला अमेरिकेला युक्रेन आणि जॉर्जियासाठी सदस्यत्वाचा आराखडा हवा होता, जर्मनी आणि फ्रान्सला नको होता. तडजोड अशी निघाली की आराखडा द्यायचा नाही, पण ‘हे देश सदस्य होतील’ असं लिहायचं. रशियाला चिडवायला पुरेसं, दोन्ही देशांना वाचवायला निरुपयोगी. त्याच ऑगस्टमध्ये जॉर्जियात युद्ध झालं.

2014 मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यावर या तक्रारीचं हत्यार झालं, आणि अर्धी वाक्यं वापरण्याची स्पर्धा लागली. 2008 मध्ये एका ब्रिटिश दैनिकाला, अमेरिकनांनी शब्द दिला होता, असं सांगणारे माजी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हच ऑक्टोबर 2014 मध्ये एका रशियन प्रकाशनाला म्हणाले की त्या वर्षांत नाटोच्या विस्ताराचा विषय चर्चेला आलाच नाही. पाश्चात्त्य तथ्यतपासणी एवढ्या वाक्यावर थांबली. त्याच मुलाखतीत पुढे ते म्हणतात की विस्तार ही 1990 च्या आश्वासनांच्या भावनेची पायमल्ली होती. रशियन वाहिन्यांनी फक्त तेवढं दाखवलं. डिसेंबर 2017 मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका संग्रहाने गोपनीयता उठलेली टिपणं एकत्र प्रसिद्ध केली. 1990-91 मध्ये सोव्हिएत नेत्यांना आश्वासनांची रांग लागली होती, हे त्यानंतर अभ्यासकांत फारसं वादाचं उरलं नाही. सरकारी ‘मिथक’ याद्या मात्र होत्या तशाच राहिल्या.

याच काळात साधी, उघड खोटी माहितीही ढिगाने येत होती, आणि तिच्याशी गाठ पडलेल्या लोकांचा धीर संपणं समजण्यासारखं आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये लिथुआनियात नाटोच्या जर्मन सैनिकांनी एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार केल्याचा ईमेल संसदेच्या सभापतींना गेला. पोलिसांना ना मुलगी सापडली, ना घटना. 2020 मध्ये पोलंडच्या लष्करी अकादमीच्या संकेतस्थळात घुसून तिथल्या प्रमुख जनरलच्या नावाचं बनावट पत्र चढवलं गेलं, अमेरिकी ‘कब्ज्या’विरुद्ध उभे राहा असं सैनिकांना सांगणारं. बलात्काराची बनावट तक्रार आणि 1990 च्या आश्वासनाचा ऐतिहासिक वाद एकाच रकान्यात टाकले गेले, यात फायदा मॉस्कोचाच झाला. पहिलं खोटं आहे हे चार दिवसांत दाखवता आलं. दुसऱ्यालाही सरसकट खोटं म्हटल्यावर टिपणं वाचलेल्या माणसाला सगळीच यादी संशयास्पद वाटू लागली.

विस्तार रोखायला म्हणून सुरू झालेल्या युद्धाने फिनलंडला एप्रिल 2023 मध्ये आणि स्वीडनला मार्च 2024 मध्ये नाटोत आणलं. एकट्या फिनलंडमुळे रशियाशी जोडलेली सीमा सुमारे 1,340 किलोमीटरने वाढली. ऑक्टोबर 2024 मध्ये जर्मनीने बाल्टिक समुद्रासाठीचं नौदल मुख्यालय रोस्टॉक या जुन्या पूर्व जर्मन बंदरात सुरू केलं, ज्यात मित्रदेशांचे अधिकारीही बसतात. दुसऱ्याच दिवशी मॉस्कोने जर्मन राजदूताला बोलावून 1990 च्या कराराचं पाचवं कलम पुढे केलं. हे जर्मन नौदलाचंच मुख्यालय आहे, प्रमुख जर्मन अॅडमिरल आहे, आणि परदेशी अधिकारी तिथे कामाला असणं म्हणजे परदेशी सैन्य तैनात होणं नव्हे, असं उत्तर बर्लिनने दिलं.